दाढ काढल्यानंतरचा पहिला आठवडा

मागच्या वर्षी माझी खालची अक्कलदाढ काढली. खुर्चीतले काम अर्ध्या तासात आटोपले. हातात गॉझचे पाकीट आणि सूचनांचा कागद घेऊन मी घरी आले. रात्री आईचा व्हिडिओ कॉल. "अगं, मिठाच्या पाण्याने चांगल्या खळखळून गुळण्या कर, सगळी घाण निघून जाईल." मी दिवसभर प्रयोगशाळेत पेशी वाढवते, जखमा कशा भरतात हे मला माहीत असायला हवे. तरी कागद टेबलावरच राहिला आणि आईचे ऐकले.

तिसऱ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले. ठणका कानापर्यंत जायचा. शनिवार होता, इन्शुरन्स किती भरेल याचा अंदाज नव्हता, म्हणून सोमवारपर्यंत कळ काढली. गुळण्यांमुळेच तसे झाले का, हे एका दाढेवरून सांगता येत नाही. पण ते दोन दिवस सोसण्याची गरज नव्हती, एवढे नक्की. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

गुठळी म्हणजे घाण नव्हे

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खळगा उरतो. तो रक्ताने भरतो. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी बनते. ही गुठळी उघड्या हाडावरचे झाकण असते, आणि नव्या पेशींना चढायला लागणारी परांचीही. पहिल्या आठवड्यात तिच्यात बारीक रक्तवाहिन्या आणि कोवळी ऊती शिरते, काही आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि खळग्यात हाड भरायला काही महिने लागतात. म्हणून पहिल्या दिवसाचे एकच काम: गुठळी जपणे.

ती निसटली किंवा वेळेआधी विरघळली, तर हाड उघडे पडते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. जेम्स क्रॉफर्ड यांनी १८९६ साली त्याचे वर्णन केले. सर्व प्रकारचे दात धरले तर साधारण शंभरात दोन ते पाच जणांना हा त्रास होतो, खालच्या अक्कलदाढांमध्ये त्याहून बराच जास्त. धूम्रपान करणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना धोका अधिक.

पहिले २४ तास

गॉझची घडी खळग्यावर ठेवून अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. दाब सुटला की रक्त पुन्हा सुरू होते. थुंकीत थोडी गुलाबी छटा दिसणे साहजिक आहे.

चूळ भरणे, जोरात थुंकणे, खाकरणे, स्ट्रॉने पिणे, सिगारेट ओढणे, सगळे बंद. तोंडात ओढ निर्माण झाली की ताजी गुठळी हलू शकते. उकळता चहा आणि काढाही आज नको. बाहेरून गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवा, तेवढाच वेळ काढा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तेव्हा आरशात बघून घाबरू नका. झोपताना एक उशी जास्त घ्या.

मीठपाणी: आई बरोबर, वेळ चुकीची

२४ तासांनंतर मात्र मीठपाणी उत्तम. एक कप, म्हणजे सुमारे २४० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. अर्ध्या चमच्यात सुमारे ३ ग्रॅम मीठ, म्हणजे द्रावण साधारण सव्वा टक्का. आपल्या शरीरातल्या द्रवांशी जुळणारे सलाइन ०.९ टक्के असते. त्यामुळे हे पाणी जखमेला झोंबत नाही. जेवणानंतर घोट घ्या, मान हळूच डावी-उजवीकडे कलती करा आणि पाणी बेसिनमध्ये आपोआप ओघळू द्या. खळखळून नाही!

बाकीचे दात पहिल्याच रात्री हलक्या हाताने घासा, खळगा तेवढा सोडून. खळग्यात पांढरट-पिवळट थर दिसला तर तो पू समजून टोकरू नका, बहुधा ती भरून येणारी जखमच असते. तोंडातली जखम त्वचेपेक्षा लवकर भरते, त्यात लाळेचाही वाटा आहे. स्टॅन्ली कोहेन यांनी पेशींची वाढ घडवणारे ईजीएफ हे प्रथिन उंदराच्या लाळग्रंथीतूनच वेगळे केले. १९८६ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता.

लवंगेतले युजेनॉल वेदना बधिर करते, आणि ड्राय सॉकेटच्या औषधी पट्टीत दंतवैद्य ते वापरतातही. पण लवंगेचे शुद्ध तेल उघड्या जखमेवर टाकले तर ऊती भाजते. हळदही खळग्यात दाबू नका.

खायचे काय

कोमट मुगाची खिचडी, दहीभात, नाचणीची आंबील, वरण. एक गोष्ट कागदावर नसते: फोडणीतली मोहरी. ती नेमकी खळग्यात जाऊन बसते. आठवडाभर साधी तुपाची फोडणी द्या. तीळ, चिवडा, दाण्याचा कूट नंतर.

गोळ्यांचा घोटाळा

भारतातले पॅरासिटामॉल म्हणजेच अमेरिकेतले ॲसिटामिनोफेन. बॅगेत आणलेली क्रोसिन आणि इथली टायलेनॉल ही दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेतली, तर यकृतावर भार पडतो. काही कडक वेदनाशामकांतही ते आधीच मिसळलेले असते. निरोगी प्रौढाने सगळे मिळून २४ तासांत ४००० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे दातदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी औषधे, एकटी किंवा ॲसिटामिनोफेनसोबत, आधी वापरायला सांगतात. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुखते म्हणून डिस्प्रिन घेऊ नका. त्यातली ॲस्पिरिन प्लेटलेट्सना निकामी करते. पण हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल, तर ती स्वतःहून बंदही करू नका.

फोन कधी करायचा

साधा नियम: दुखणे रोज थोडे कमी व्हायला हवे. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ते वाढले, कानाकडे ठणकू लागले, तोंडाला दुर्गंधी आली किंवा खळगा रिकामा दिसला, तर त्याच दिवशी दंतवैद्याला कळवा. खळगा धुऊन औषधी पट्टी ठेवली की बऱ्याचदा काही तासांत आराम पडतो. माझ्या बाबतीत ही भेट आधीच्या फीमध्येच धरलेली होती. मी फक्त विचारले नव्हते. पाऊण तास दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा ताप आला, तरीही फोन करा. जबड्याखाली पसरणारी सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यात मात्र वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी गाठायची.

परदेशात एकटे असाल, तर दाढ काढायला जाण्याआधी तीन गोष्टी करा: खिचडी करून ठेवा, सुट्टीच्या दिवशी लागणारा नंबर विचारून घ्या, आणि सूचनांचा कागद आईला वाचून दाखवा. पुढच्या कॉलवर तीच तुम्हाला विचारेल, "चूळ नाही ना भरलीस?"