ब्रेकचे नवे पॅड व त्यांची किंकाळी

दाराची बिजागरी करकरूं लागली कीं घरांतील वडील मंडळी तींत तेलाचे दोन थेंब सोडण्यास सांगतात. विहिरीवरचा रहाट, शिवणाचें यंत्र, सायकलची साखळी, या सर्वांना हाच उपाय लागू पडतो. त्यामुळें ‘जें करकरतें त्यास तेल’ असा एक नियमच लहानपणापासून आपल्या मनांत ठसलेला असतो. नियम चांगला आहे. परंतु त्यास एक अपवाद आहे, आणि तो न समजल्यास जिवावर बेतण्याचा संभव असतो. हा अपवाद म्हणजे वाहनाचा ब्रेक होय.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला, तो हाताला पट्टी बांधून. त्याच्या मोटारसायकलचे पुढचे ब्रेक-पॅड नुकतेच बदललेले होते व ब्रेक दाबतांच कर्कश आवाज निघे. लोक वळून पाहतात याची लाज वाटून त्यानें साखळीवर मारावयाचें तेल ब्रेकच्या तबकडीवरही फवारलें. आवाज जवळ जवळ बंद झाला. परंतु दुसऱ्या दिवशीं उतारावर ब्रेक दाबला, तों गाडी थांबेना! रस्त्याच्या कडेस नांगरलेलें शेत होतें, म्हणून हातावर निभावलें. त्याच्याशीं बोलतां बोलतां असें दिसून आलें कीं, ब्रेक गाडी कशाच्या बळावर थांबवितो हेंच त्यास नीट ठाऊक नव्हतें. म्हणून हा विषय आपल्या वार्षिकांत थोडक्यांत मांडावा असें आम्हीं ठरविलें.

ब्रेकचें कार्य

आजच्या बहुतेक मोटारींच्या निदान पुढच्या चाकांना तबकडीचे, म्हणजे डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरत असते. तिच्या दोन्ही अंगांस कॅलिपर नांवाच्या सांगाड्यांत एक एक पॅड बसविलेला असतो. आपण पायानें पेडल दाबिलें म्हणजे नळींतील द्रवावर दाब पडतो; पास्कलच्या नियमाप्रमाणें तो दाब कॅलिपरमधील दट्ट्यापर्यंत पोहोंचतो आणि पॅड तबकडीस दोहों बाजूंनीं चिमटीसारखे धरितात. या युक्तीचें पेटंट इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं घेतलें. पुढें १९५३ सालीं ल मान्स येथील शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकल्यावर तिचा बोलबाला झाला.

गाडी थांबते म्हणजे तिची गति नाहींशी होते असें नव्हे. तिच्या गतीची शक्ति उष्णतेंत पालटते. १००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां तींत सुमारें १,३९,००० जूल इतकी शक्ति असते. ती एकदां थांबविण्यांत जी उष्णता उत्पन्न होते, तिनें एक लिटर पाणी सुमारें ३३ अंश सेल्सिअसनीं तापेल. वेग दुप्पट झाला तर हीच शक्ति चौपट होते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें. ही सारी उष्णता घर्षणांतून निघते, आणि घर्षण नाहींसें करणें हा तर तेलाचा धर्मच आहे. तेव्हां तबकडीवर तेल फवारणें म्हणजे ब्रेक काढून ठेवण्यासारखेंच होय.

नवा पॅड मुरविणें

नवी वहाण पायास चावते. कांहीं दिवस वापरल्यावर ती पायाच्या आकाराची होते. नव्या पॅडचेंही तसेंच आहे. जुन्या तबकडीवर बारीक चरे व उंचवटे असतात. नव्या पॅडचें तोंड सपाट असल्यामुळें प्रथम तें तिला कांहीं ठिकाणींच टेकतें, सर्व अंगानें टेकत नाहीं. हें पहिलें कारण.

दुसरें कारण आमच्या भगिनीवर्गास लवकर कळेल. बिडाचा नवा तवा आणला कीं त्यावर लागलीच घावन घालीत नाहींत. तो हळूहळू पुनः पुनः तापवून त्यावर काळा पातळ थर बसवावा लागतो. आमची तबकडीही बिडाचीच आहे. पॅड मापानें तापवीत गेल्यास त्याच्या द्रव्याचा अत्यंत पातळ व सारखा थर तबकडीवर बसतो, आणि पुढें त्या थराशींच पॅडचें घर्षण होतें. तव्यास तेल लागतें व येथें तें मुळींच चालत नाहीं, एवढा भेद मात्र विसरूं नये.

तिसरें असें कीं, पॅडमधील कण राळेसारख्या द्रव्यानें बांधलेले असतात. नवा पॅड एकदम फार तापला तर त्यांतून वायु सुटतो, पकड ढिली पडते, व पॅडचें तोंड कांचेसारखें गुळगुळीत होतें. अशा पॅडची पकड कमी व किंकाळी अधिक.

आतां कृति सांगतों. पॅड बसविल्यावर गाडी जागची हलविण्यापूर्वीं पेडल अनेक वेळां दाबून तें घट्ट लागतें कीं नाहीं हें पाहावें. नवे जाड पॅड बसवितांना दट्ट्या मागें सारलेला असतो. म्हणून पहिल्या एकदोन वेळां पेडल खालपर्यंत जातें व ब्रेक लागतच नाहीं. यानंतर गाडी मोकळ्या, सपाट व निर्जन रस्त्यावर न्यावी. वेग ताशीं ५० ते ६० किलोमीटर करावा. मागें कोणी नाहीं असें पाहून मध्यम जोरानें ब्रेक दाबून वेग सुमारें १० वर आणावा, परंतु गाडी पूर्ण थांबवूं नये. मग अर्धें मिनिट तशीच चालवून तबकडीस वारा लागूं द्यावा. असें आठ-दहा वेळां करावें. शेवटीं कांहीं मिनिटें, होईल तों ब्रेक न लावितां, गाडी चालवून सर्व निवूं द्यावें. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून गाडी उभी करूं नये. नाहींतर पॅडचा ठसा तबकडीवर एकाच जागीं उमटतो व पुढें ब्रेक लावतांना थरथर जाणवते. त्यापुढील दोन-तीनशें किलोमीटर जोराचा ब्रेक टाळावा. मात्र संकट समोर आल्यास पॅडची चिंता न करितां पूर्ण जोरानें दाबावा. पॅड करणाऱ्यानें आपल्या पत्रकांत निराळी रीत सांगितली असेल तर तीच प्रमाण मानावी.

नवे पॅड बसवून त्याच दिवशीं घाट उतरण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. खंडाळ्याहून खोपोलीस उतरतांना गाडी सुमारें ५०० मीटर खालीं येते. वरील वजनाच्या गाडीचा हिशेब केल्यास ही शक्ति ४९ लक्ष जूल भरते. म्हणजे ताशीं ६० च्या वेगांतून गाडी ३५ वेळां थांबविण्याइतकी! हा सारा भार ब्रेकवर न टाकतां खालच्या गियरमध्यें उतरावें, म्हणजे त्यांतील बराच वांटा इंजिन उचलतें. जुन्या पॅडांसही हाच नियम हितकर आहे.

किंकाळी कां उठते?

ओलें बोट कांचेच्या पेल्याच्या कांठावरून फिरवा. पेला गाऊं लागतो. बोट क्षणांत चिकटतें, क्षणांत सुटतें, आणि त्या हिसक्यांनीं कांच कंप पावते. सारंगीची तारही गजाखालीं अशीच वाजते. ब्रेकमध्यें पॅड हा गज व तबकडी ही तार होय. हा कंप सेकंदास हजारांहून अधिक वेळां होतो, म्हणून आवाज इतका तीक्ष्ण असतो.

उपाय कंपावर करावयाचा, घर्षणावर नव्हे. तबकडी ब्रेकसाठीं मिळणाऱ्या द्रावणानें पुसून स्वच्छ करावी. तिजवर बोटांचा तेलकटपणाही राहूं देऊं नये. पॅड ज्या जागेंत सरकतो तेथील गंज घासून काढावा. पॅडच्या पाठीमागील पातळ पत्रे व स्प्रिंगा जागच्या जागीं आहेत कीं नाहींत हें पाहावें. कॅलिपरच्या सरकत्या खिळ्यांना, उष्णता सोसणारें, ब्रेकसाठींच केलेलें ग्रीस किंचित् लावावें. पॅडच्या तोंडास वा तबकडीस त्याचा स्पर्शही होऊं नये. तेल लागलेले पॅड पुसून पुनः वापरूं नयेत. ते टाकून नवे घ्यावेत. एका आंसावरील दोन्ही चाकांचे पॅड बरोबरच बदलावेत. ब्रेकची धूळ तोंडानें फुंकूं नये; जुन्या पॅडांत फुप्फुसांस घातक असें ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. आणि ज्यास या कामाचा सराव नाहीं त्यानें तें जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावें.

प्रत्येक आवाज दोषाचाच असतो असें मात्र नाहीं. पावसाळ्यांत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या तबकडीवर गंजाची तांबूस पुटी चढते. ती दोन-चार ब्रेकांत घासून जाते व आवाज थांबतो. नवे पॅड मुरेपर्यंत थोडी कुरकुर करितात. परंतु पुष्कळ पॅडांना एक लहानशी लोखंडी जीभ मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला कीं ती तबकडीस घासून ओरडूं लागते. ‘माझें आयुष्य सरलें, मला बदला,’ हाच तिचा निरोप असतो. आणि खरखर ऐकूं येऊं लागली, तर लोखंडावर लोखंड घासत आहे असें समजून गाडी तेथेंच उभी करावी.

सारांश, आवाज बंद करणें व दोष दूर करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या त्या माजी विद्यार्थ्यानें पहिली केली व दुसरी राहून गेली. मनुष्याच्या अंतःकरणांतही देवानें अशी एक लहानशी जीभ ठेविली आहे. ती बोलूं लागली म्हणजे लोकलज्जेस्तव तिच्यावर तेल ओतूं नये; ती कां बोलते हें आधीं पाहावें. आमच्या बालवाचकांपैकीं आज कोणी गाडी चालवीत नसेल. पण आपल्या वडिलांच्या वा भावाच्या गाडीचा ब्रेक ओरडतांना ऐकल्यास त्यांनीं हा लेख जरूर वाचून दाखवावा, एवढीच आमची विनंति आहे.