इब्रामपुरात राहायला येताय?

पेडणे तालुक्याच्या पूर्व टोकाला, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाला लागून इब्रामपूर, हणखणे, चांदेल ही गावं आहेत. पुण्या-मुंबईहून इकडे येऊन रुळलेल्या आणि आखातातून किंवा इंग्लंडमधून गावच्या घरी परतलेल्या मराठी कुटुंबांकडे सल्ला मागितला, तर निसर्गाचं कौतुक नंतर येतं. आधी विचारतात, जमीन घेताय की घर?

जमीन असेल तर जरा थांबा. २०२३च्या कायद्यानंतर गोव्यात भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला सहजासहजी विकत घेता येत नाही. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डवाल्यांना तर फेमाच्या नियमांमुळे देशात कुठेच शेतजमीन, मळा वा फार्महाउस विकत घेण्याची मुभा नाही. वारशानं आलं तर गोष्ट वेगळी. राहिलं घर. महाराष्ट्रात सातबारा, तसा इथे नमुना १ आणि १४. तो काढा आणि मालकाच्या नावाआधी कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. घरात मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीनं त्याच्या जमिनीवर घर करून असलेला माणूस, राहत असेल, तर १९७५च्या कायद्यानं त्याला ते घर आणि खेड्यात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचा हक्क आहे. मालक बदलला म्हणून तो हक्क जात नाही. शिवाय पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, त्यामुळे दोघांच्या सह्या लागतात. वडिलोपार्जित घर असेल तर वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, झाली आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या. एक भाऊ कुडाळला, दुसरा लिस्बनला आणि बहिणीला कुणी विचारलंच नाही, अशा घरांचे व्यवहार वर्षानुवर्षं लोंबकळतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून या बाजूला दलालांची वर्दळ वाढली आहे. ते विमानतळ दाखवतात, रकाने दाखवत नाहीत.

म्हणून बहुतेकांचा सल्ला एकच: आधी एक पावसाळा भाड्यानं राहून बघा.

पावसाळ्यातच या गावाची खरी ओळख होते. लावणीच्या दिवसांत चिखलातून मेरेवरून एकामागोमाग एकच माणूस चालू शकतो. डोक्यावर तरव्याच्या पेंढ्या घेतलेली बाई समोरून आली, तर तुम्ही शेतात उतरायचं, तिनं नव्हे. मेरेला पाडलेल्या वाटेतून पाणी वाहताना दिसलं तर 'फुटलं वाटतं' म्हणून पायानं चिखल लोटून बुजवू नका. वरच्या शेतकऱ्यानं ते खालच्यासाठी मोकळं केलेलं असतं आणि त्यामागे दोन घरांचं आधीच बोलणं झालेलं असतं. नवा माणूस कसा आहे, हे गाव असल्याच गोष्टींवरून ठरवतं. फेब्रुवारी-मार्चपासून काजूचा हंगाम लागतो. बोंडं मळायला सुरुवात झाली की आंबूस-गोड वास घराच्या पडद्यांतही शिरतो. तो नको असेल तर भट्टीपासून लांब घर बघा, तक्रार करू नका. भट्टी तुमच्या आधीपासून तिथे आहे.

नदीला मात्र गांभीर्यानं घ्या. महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त तिळारी प्रकल्प वरच्या अंगाला आहे आणि त्याचं पाणी पुढे शापोरा नदीतून येतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये या पट्ट्यात, नदीपलीकडच्या डिचोली तालुक्यातल्या साळमध्येही, पुराचं पाणी घरांत आणि शेतांत शिरलं. नदीकाठचं घर पाहताना पाणी कुठवर आलं होतं हे मालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. भिंतीवर खूण असतेच, नवा रंग दिला असला तरी.

जनावरांचंही तसंच. माकडं आणि रानडुकरं नेहमीचीच. तिळारीच्या खोऱ्यात हत्ती येऊन बरीच वर्षं झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये 'ओंकार' नावाचा हत्ती मोपा, तांबोसे भागात उतरून भातशेती तुडवून गेला. हौसेनं केळी लावायची असतील तर हे धरून लावा.

देवळात जरूर जा, वर्गणी द्या, सप्ताहाच्या भजनात टाळ धरा. कारभार महाजनांचा असतो, तिथे न विचारता मत देऊ नका. शिमग्याला साळचे गडे आणि जत्रेतला दशावतार चुकवू नका.

इतिहासाची आवड असेल तर शापोराकाठचा हळर्णचा किल्ला बघा. सावंतवाडीकरांकडून तो १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि त्या विजयावरून व्हाइसरॉयला 'मार्केस द अलोर्ना' हा किताब मिळाला. पोर्तुगालमध्ये आज 'किंता दा अलोर्ना' नावाची वाइन मिळते. तिकडे राहून आलेल्यांपैकी किती जणांना बाटलीवरचं गाव आपल्या तालुक्यातलं आहे हे ठाऊक असेल, देव जाणे. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे आला तो १७८८ मध्ये, म्हणजे तिसवाडी-साष्टीनंतर कितीतरी उशिरा. त्यामुळे इथली देवळं, मराठी कीर्तन आणि सावंतवाडीकडची सोयरीक टिकून राहिली.

किरकोळ गोष्टी: मोठ्या बाजाराला शुक्रवारी म्हापसा, जिल्हा इस्पितळही म्हापशालाच, मोठं दुखणं असेल तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). कोजागरीला पेडण्याची पुनव असते. देऊळ हवं म्हणून रुसलेल्या भूतनाथाची समजूत काढतात ती बघायला दुपारीच निघा, संध्याकाळनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.