नोंदीत काय असावे, काय नसावे? : 'मरीया मग्दालीया' या नावाचा अभ्यास

ज्ञानकोशातील लेखाला मराठीत 'नोंद' म्हणतात. हिशेबाच्या वहीतही नोंदच असते, आणि तेथील पहिला नियम असा की पावती असल्याशिवाय नोंद करायची नाही. धर्मग्रंथातील व्यक्तीविषयी लिहितानाही हाच नियम पाळावा लागतो. वहीत चूक झाली तर रक्कम चुकते. येथे चूक झाली तर एखाद्याच्या चारित्र्याला डाग लागतो. आजच्या पाठात आपण बायबलमधील एक नाव घेऊन हे समजून घेऊ.

१. नोंद नेमकी कोणाची?

'मरीया' हे नाव हिब्रू 'मिर्याम' यावरून आले. मोशेच्या बहिणीचे हेच नाव होते. येशूच्या काळी यहुदी स्त्रियांमध्ये ते फार प्रचलित असल्याने नव्या करारात मरीया अनेक आहेत : येशूची आई, मार्था व लाजर यांची बेथानी गावची बहीण, याकोबाची आई, योहान मार्कची आई. आपण जिची नोंद पाहत आहोत ती गालील सरोवराकाठच्या मग्दाला गावची, म्हणून मग्दालीया. नाव एक असले तरी व्यक्ती निराळ्या आहेत. म्हणून प्रत्येकीची नोंद स्वतंत्र हवी.

२. मूळ ग्रंथ काय सांगतो?

लूकच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की तिच्यातून सात भुते निघाली होती आणि ती इतर स्त्रियांसह येशूबरोबर फिरत असे. या स्त्रिया आपल्या पैशाने सेवा करीत. मत्तय, मार्क व योहान यांनी क्रूसाच्या प्रसंगी तिचे नाव दिले आहे. रिकाम्या कबरीच्या प्रसंगी तर चारही शुभवर्तमानांत तिचे नाव येते. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू प्रथम तिला दिसतो आणि ती ही वार्ता शिष्यांना सांगते. नोंदीचा पाया एवढाच. तिने पापी जीवन जगल्याचा एक शब्दही यात नाही.

३. नंतर काय जोडले गेले?

लूकच्या सातव्या अध्यायात एक 'पापी स्त्री' अश्रूंनी येशूचे पाय भिजवते. तिचे नाव दिलेले नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीची मरीया येशूच्या पायांना सुगंधी तेल लावते. इ. स. ५९१ मध्ये रोम येथे पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात या दोघी आणि मग्दालीया एकच असल्याचे मांडले. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेने मात्र त्यांना वेगळेच मानले. पश्चिमेत पुढे शेकडो वर्षे मग्दालीया म्हणजे पश्चात्ताप करणारी पतिता, हीच ओळख रूढ झाली. १९६९ मध्ये रोमन चर्चने आपली सणांची दिनदर्शिका सुधारली, तेव्हा तिच्या २२ जुलैच्या दिवसासाठी 'पापी स्त्री'ऐवजी योहानातील पुनरुत्थानाचा उतारा ठरवला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या दिवसाला सणाचा दर्जा दिला.

४. याचा परिणाम कोणावर झाला?

'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना ठेवण्याच्या संस्थांना युरोपात तिचेच नाव दिले गेले. आयर्लंडमधील मग्दालीया धुलाईघरांत असंख्य मुली व स्त्रियांकडून पगार न देता काम करून घेतले गेले. त्यांतील शेवटचे १९९६ मध्ये बंद झाले. २०१३ मध्ये आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत त्या स्त्रियांची माफी मागितली. या अन्यायाची कारणे अनेक होती, परंतु त्या दारांवरचे नाव मात्र ग्रंथात जिच्यावर असा आरोपच नाही, अशा एका स्त्रीचे होते.

५. मग परंपरा गाळून टाकावी का?

नाही. मोकळे केस आणि हातात तेलाची कुपी असलेली मग्दालीयाची चित्रे युरोपात शेकड्यांनी आहेत. वाचकाला त्यांचा अर्थ कळायला हवा. म्हणून परंपरा नोंदीत ठेवावी, पण वेगळ्या मथळ्याखाली, कोणी व केव्हा म्हटले हे सांगून. ती येशूची पत्नी होती, हे २००३ च्या 'द दा विंची कोड' या कादंबरीमुळे गाजलेले म्हणणे नव्या करारात कोठेही नाही. त्याची जागा आधुनिक साहित्याच्या भागात, एखाद्या ओळीपुरती.

६. लक्षात ठेवण्याचे मुद्दे

• आधी व्यक्ती निश्चित करावी, मग माहिती जमवावी.
• मूळ ग्रंथातील गोष्ट प्रथम, परंपरा नंतर, कल्पित साहित्य शेवटी.
• दोन व्यक्ती एकच असल्याचे कोणी म्हटले असेल, तर म्हणणाऱ्याचे नाव द्यावे. ते आपले विधान करू नये.
• एखाद्याला कमीपणा आणणाऱ्या वाक्याचा आधार दोनदा तपासावा.

चिंतनासाठी

१. आपल्या संतांच्या किंवा पुराणातील व्यक्तींच्या कोणत्या गोष्टी आपण मूळ ग्रंथ न पाहता सांगतो?
२. एकाच नावाच्या दोन व्यक्तींची आपण कधी सरमिसळ करतो का?
३. आज ज्या व्यक्तीविषयी आपण ऐकीव गोष्ट पुढे सांगितली, तिची 'पावती' आपल्याजवळ आहे का?