सफरचंद राहू दे, सीताफळ लाव

अगं मने, जावईबापू सफरचंदाची कलमं आणायची म्हणतायत, आणि रोपवाल्यानं ‘लातूरची हवा थंड, नक्की येईल’ असं सांगितलंय म्हणालीस. तुझ्या हौसेवर विरजण घालायचं नाही मला. पण खड्डे खणायच्या आधी ऐक.

लातूर आमच्या नांदेडपेक्षा उंचावर, डिसेंबरातल्या रात्री तुमच्याकडे जास्त बोचतात, हे खरं. पण सफरचंदाला मुक्कामी थंडी लागते. सिमल्याकडच्या जुन्या जातींना सात अंशांखालची जवळपास १००० तास थंडी मिळाली, तरच डोळे नीट फुटतात. तुमच्याकडे पारा तिथवर क्वचितच उतरतो, आणि उतरलाच तरी ऊन चढलं की संपलं. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी ‘एचआरएमएन-९९’ जात काढली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. आपल्याकडे ते झाड कुठं कुठं फळतंही. पण त्याचं फळ भरतं ऐन उन्हाळ्यात, आणि तेव्हा तुमच्या नळाचे हाल मी तुला सांगायला हवेत का? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते गाव तुमचं. मांजरा धरण भरलेल्या वर्षाचा हिशेब बागेला लावू नये.

उन्हाळाभर झोपून राहील असं झाड बघ. सीताफळ तसंच आहे. पानं गाळून गप उभं राहतं, पावसाबरोबर पालवतं, दसरा-दिवाळीला फळ देतं. घर बांधताना अंगणात पडलेल्या मुरमाला नावं ठेवू नकोस, त्याला तोच मानवतो. बालाघाटच्या डोंगरात ते दुसऱ्या कशावर वाढतंय? चिबड काळ्या जमिनीत मात्र मुळं कुजतात. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथली ‘धारूर-६’ मिळाली तर बघ, नाहीतर ‘बालानगर’. बी टाकू नकोस, कलमच आण. फळाचे डोळे उघडून मधल्या रेघा पिवळसर-पांढऱ्या दिसल्या की तोडायचं आणि घरात पिकवायचं. झाडावर ठेवलंस तर तडकतं, मग ते पाखरांचं.

थंडीच्या फळाची हौस पेरू भागवेल. ‘सरदार’ लाव. मोठा झाला की एप्रिल-मेमध्ये त्याचं पाणी तोडायचं. मृगाच्या पावसावर फुलतो आणि फळ थंडीत हाती येतं. पावसाळी पेरू पाणचट, वर अळीचा. थंडीतल्याची गोडी त्याला नाही.

पहिले दोन-तीन उन्हाळे दोन्हींना पाणी द्यावंच लागेल, बाई. बुडाशी उसाचं पाचट जाड अंथर, ओल टिकते. लिंबू एकच, स्वयंपाकघराच्या मागं, तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर. केळी नको, अर्धापूरच्या केळीला कालवा आहे, तुला टँकर.

मे महिन्यात दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन उन्हात तापू दे, पाऊस लागला की कलमं लाव. आणि सफरचंदाचे पैसे अजून दिले नसतील, तर जावईबापूंना आजच थांबव.