भिंतीवरचा मीटर आणि मनातील भय



आमच्या मांजलपुरातील एका वृद्ध आजीबाईंनी ऐन उन्हाळ्यात आपली खाट खिडकीजवळून उचलून आतल्या कोंदट खोलीत नेली. कारण विचारता त्या म्हणाल्या, “अहो मास्तर, खिडकीबाहेरच्या भिंतीवर तो नवा विजेचा मीटर बसवला आहे ना! त्यातून रात्रंदिवस किरण निघतात म्हणे. उगाच दुखणे कशाला ओढवून घ्यायचे?” त्यांना हसणे सोपे होते, परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूविषयी सावध असणे म्हणजे मूर्खपणा नव्हे. म्हणून त्यांच्या शंकेचा आपण शास्त्राच्या कसोटीवर विचार करू.

जुन्या मीटरवरील आकडे पाहण्यास माणूस घरोघर येत असे. नवा ‘स्मार्ट’ मीटर तेच आकडे बिनतारी लहरींनी आपण होऊन कळवितो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या योजनेत देशभर असे २५ कोटी मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या बडोद्यात या मीटरांविरुद्ध नागरिकांनी निदर्शने केली. आगाऊ भरलेले पैसे भराभर संपतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. तो हिशेबाचा प्रश्न आहे व त्याचे उत्तर हिशेबानेच मिळाले पाहिजे. लहरींनी प्रकृतीस अपाय होतो काय, हा प्रश्न त्याहून निराळा आहे. दोहोंची गल्लत केली, तर एकाचेही उत्तर हाती लागत नाही.

‘किरण’ या एकाच शब्दात आपण फार भिन्न वस्तू कोंबतो. क्ष-किरण व किरणोत्सारी द्रव्यांतून निघणारे गॅमा किरण अणूंतील इलेक्ट्रॉन उपटून काढू शकतात; त्यामुळे पेशींतील आनुवंशिक द्रव्यास इजा पोहोचते. बिनतारी लहरींच्या अंगी हे सामर्थ्य नाही. ९०० मेगाहर्ट्झची लहर सेकंदाला ९० कोटी आंदोलने करते. पण साध्या तांबड्या प्रकाशाची आंदोलने याच्याही सुमारे पाच लाख पट असतात. लहरीच्या प्रत्येक कणाची ऊर्जा त्याच प्रमाणात कमी किंवा अधिक असते. बिनतारी लहरींचा निश्चितपणे सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. आणि तीही शक्ती पुष्कळ असेल तरच जाणवते.

मग शक्ती किती, हे पाहू. येथे तुमचे शाळेतील गणित उपयोगी पडेल. समजा, मीटर १ वॉट शक्तीने अखंड लहरी सोडीत आहे. चौथ्या पिढीच्या मोबाइलची कमाल शक्ती सुमारे ०.२ वॉट असते आणि मीटर तर क्षणभर बोलून पुष्कळ वेळ गप्प राहतो; म्हणजे आपण जाणूनबुजून अंदाज फार मोठा धरीत आहोत. १ मीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ ४ × ३.१४ × १ × १, म्हणजे सुमारे १२.५६ चौरस मीटर. १ वॉट शक्ती सर्व दिशांना सारखी पसरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ०.०८ वॉट पडेल. अंतर दुप्पट केले की ती चौथाई होऊन ०.०२ उरेल. दिव्यापासून दूर जाताना पुस्तकावरील उजेड मंदावतो, तो याच नियमाने.

याची तुलना कशाशी करावी? भारताने मोबाइल मनोऱ्यांसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून जी मर्यादा लागू केली, ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश होती. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॉट होती. आपला फुगविलेला आकडाही तिच्या एक-पंचमांशाहून कमीच भरतो.

विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये बिनतारी लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या ‘२ ब’ वर्गात घातले. हा निर्णय मुख्यतः कानाशी धरलेल्या मोबाइलच्या दीर्घ वापराविषयीच्या मर्यादित पुराव्यावर आधारलेला होता. हा वर्ग पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे मोजमाप सांगत नाही. संशोधन चालू राहिले पाहिजे, हाच त्याचा अर्थ.

मीटरच्या पेटीत भिण्याजोगे काही असेल, तर ती वीज होय. उघडी तार, सदोष अर्थिंग, ओला हात यांनी क्षणात प्राण जातात. आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात वारा बंद केलेली खोली वृद्धांना घातक ठरू शकते. चुकीच्या भयाची किंमत ही अशी द्यावी लागते.

हेच गणित मी आजीबाईंपुढे पाटीवर मांडले. त्यांनी ते दोनदा विचारून घेतले व खाट पुन्हा खिडकीशी आणविली. मग म्हणाल्या, “किरणांचे समजले. आता पैशांचा हिशेबही असाच कोणी पाटीवर मांडून दाखवील काय?” प्रश्न रास्त होता. मुलांनो, मोजल्यावाचून भिऊ नये, आणि मोजल्यावाचून निर्धास्तही राहू नये.