टाकळघाटची शाळा
(शास्त्रपाठ : इब्री. 11 : 8-10)

अब्राहाम परक्या देशात तंबूत राहिला, हे आपण वाचतो; परंतु तेथे त्याचा दिवस कसा जात असे, याचा विचार फारसा करीत नाही. परदेशी येऊन राहिलेल्या मिशनरी बंधूंविषयीही असेच होते. पिपरी मेघे येथील मंडळीत आम्ही स्टीफन हिस्लॉप साहेबांविषयी विचारिले, तो पुष्कळांस नागपूरचे कॉलेज तेवढे ठाऊक. ते तर साहेबांच्या मरणानंतर वीस वर्षांनी, 1883 साली निघाले!

हे स्कॉटलंडचे गृहस्थ 1845 साली नागपुरास आले. त्यांनी मराठी शिकून घेतली, शाळा चालविली, गोंड लोकांची गीते मिळविली, आणि फिरावयास गेले असता दगडांत रुतलेले प्राचीन जीवांचे अवशेषही जमविले. दगड वेचणे हे सुवार्तिकाचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या लोकांत राहावयाचे त्यांची माती व वाणी ओळखणे हाही प्रीतीचाच भाग आहे.

ता. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते रिचर्ड टेंपल साहेबांबरोबर बोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले. इतर मंडळी मुक्कामी परतली. हिस्लॉप साहेब मात्र गावची शाळा तपासण्यास मागे राहिले. इतक्यात पाणी चढले. घोडा एकटाच परत आला.

प्रिय सुवार्तिकहो, नाल्याचे निमित्त सांगून आम्हीही पावसाळ्यात पुष्कळदा गावची शाळा चुकविली आहे. हा पाठ घेताना मुलांस विचारावे : त्या सायंकाळी साहेब इतरांबरोबर का निघाले नाहीत?