जुन्या मोटारीचा प्लग

१९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’ मोटारीस प्लग घ्यावयाचा झाल्यास प्रथम त्याचे आटे पाहावे, चकाकी मागाहून. हे आटे अर्ध्या इंची नळाप्रमाणें निमुळते असतात. आजचा १४ मिलिमीटरचा प्लग तेथें बसतच नाहीं.

इतर जुन्या गाड्यांत फसगत निराळी. आटे जुळतात, परंतु प्लग अधिक लांब असल्यास त्याचें टोंक दट्ट्यावर आदळून एंजिनच निकामी होऊं शकतें!

बसविलेला प्लग कांहीं दिवसांनीं काढून पाहावा. चिनी मातीचें टोंक बदामी दिसल्यास निवड योग्य. पांढरेंफटक असल्यास प्लग अति तापतो. काजळी धरल्यास तो पुरेसा तापत नाहीं, अथवा पेट्रोल अधिक जातें. तेलकट झालेला प्लग मात्र बदलून उपयोग नाहीं; दोष बहुधा दट्ट्याच्या झिजलेल्या कड्यांचा असतो.